दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

बी.ए. झालेला कवी मोबाइल ॲपबद्दल काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण नांदेडला माझा भाचा म्हणाला, "मामू, तुमच्या कवितांचं ॲप करू या. लागणारी साधनं फुकट आहेत." आणि आम्ही बसलो.

आमचं ॲप म्हणजे मुळात एक वेबपान. मजकुराला एचटीएमएल, रूपाला सीएसएस, हालचालीला जावास्क्रिप्ट. 'सर्व्हिस वर्कर' नावाचा छोटा प्रोग्राम ही पानं फोनमध्येच साठवतो, म्हणून पुढं नेट नसलं तरी ती उघडतात. संगणकावर फायरफॉक्समध्ये फोनएवढा पडदा करून भाच्यानं सगळं तपासलं.

मी मात्र लातूरच्या एसटीत तपासलं. लोहा सुटल्यावर नेट बंद केलं, कविता उघडल्या. अहमदपूर येईतो वाचत होतो, आणि एके ठिकाणी थबकलो. डोंगरातल्या 'दऱ्या' होत्या, तिथं चक्क 'दर्या'! दर्या म्हणजे समुद्र, फारसीतून आलेला. एका रफारानं माझा डोंगर बुडवला होता. भाच्यानं साधा र टाइप केला होता. युनिकोडमध्ये यासाठी खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम लागतो. तो त्यानं फोनवरूनच दुरुस्त केला.

लातूरला मित्राच्या जुन्या फोनवर निराळंच दुखणं निघालं. क्रम बरोबर, पण अक्षर फुटलेलं: पाय मोडलेला ऱ एकीकडे, य दुसरीकडे. हा आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरत्या केलेल्या फाँटात तो राहून जातो. उपाय म्हणजे फोनच्या फाँटावर विसंबायचंच नाही. मुंबईच्या 'एक टाइप' गटाचा 'मुक्ता' हा फाँट खुल्या परवान्याचा आहे. तोच आम्ही ॲपमध्ये घातला.

मग बांधाबांध. वेबपानाला ॲपचं कवच चढवणारं साधन म्हणजे कॉर्डोव्हा. कॅनडातल्या नायटोबी कंपनीचं हे मूळचं फोनगॅप. २०११ मध्ये अडोबीनं ती कंपनी घेतली आणि कोड अपाचे फाउंडेशनला दिला. २०२० मध्ये अडोबीनं फोनगॅप बंद केलं, पण कोड खुला होता, म्हणून कॉर्डोव्हा टिकलं. माझ्यासारख्या, पुस्तक संपल्यावर प्रकाशकाच्या मागं फिरलेल्या माणसाला याचं मोल लगेच कळतं.

कॉर्डोव्हानं तयार केलेली एपीके फाइल लातूरला पाठवली. मित्राच्या फोनवर आता दऱ्या दऱ्याच दिसतात. एका कवितेत 'कोवळ्या'चं 'कोवळया' राहिलंय, तेवढं भाच्याला सांगायचंय.