घरच्या माणसाचा चांगला फोटो : एक दार, एक धोतर आणि दोन बल्ब

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



बेणे, खत, पाणी सोडून शेतकी खात्याचा माणूस फोटोवर का लिहितो आहे, असे आपणांस वाटेल. कारण साधे आहे. आपल्या अंकात श्रद्धांजलीचे पान असते. एखादे जुने सभासद गेले की त्यांच्या घरी निरोप जातो, फोटो पाठवा. मग घरात शोधाशोध सुरू होते. हाती लागतो तो आधार कार्डावरचा, नाहीतर कोणाच्या तरी लग्नातला. मागच्या रांगेत उभे, आणि निम्मे तोंड फेट्याच्या सावलीत. तोच कापून, मोठा करून, हार घालून भिंतीवर लागतो. आयुष्यभर ज्यांनी कारखान्याला ऊस घातला, त्यांचा चेहरा नातवंडांना त्या धुरकट फोटोवरून ओळखावा लागतो. घरच्या आईचे तर त्याहून अवघड. ती सगळ्यांना वाढत असते, म्हणून कुठल्याच फोटोत नसते.

आज घरोघरी मोबाईल आहे. कॅमेरा कमी पडत नाही, उजेड कमी पडतो. खरे म्हणजे उजेड असतो, पण तो चुकीच्या जागेवरून येत असतो. तो नीट कसा आणावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. खर्च म्हणाल तर हजार रुपयांच्या आत.

उजेड मऊ कशाने होतो?

भर दुपारी शेतात उभे राहिलात की सावली कशी पडते? काळी आणि धारदार. डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली पट्टा. तेच मृगाचे ढग आले की सावली जवळजवळ नाहीशीच होते. सूर्य तोच, मग फरक कशाने पडला? सूर्य केवढाही मोठा असला तरी तो इतका दूर आहे की आपल्याला दिव्याएवढाच दिसतो. ढग आले की सगळे आभाळच दिवा बनते. उजेड चहूबाजूंनी येतो आणि सावलीची धार जाते.

म्हणजे नियम असा : चेहऱ्याच्या मानाने दिवा जेवढा मोठा आणि जवळ, तेवढा उजेड मऊ. मोबाईलचा फ्लॅश हरभऱ्याएवढा आणि तोही कॅमेऱ्याला चिकटलेला. म्हणून त्याने चेहरा सपाट, कपाळ चमकदार आणि मागे भिंतीवर काळी सावली येते. माणसाचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवावा.

दुसरा नियम अंतराचा. दिव्यापासून ३ फुटांवर जेवढा उजेड मिळतो, त्याचा चौथा हिस्साच ६ फुटांवर मिळतो आणि ९ फुटांवर नववा हिस्सा. अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा नाही, पाव होतो. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे मागची बाजू काळी करायला उपयोगी पडेल.

बिनखर्चाचा स्टुडिओ

१८३९ साली फोटोची कला जगापुढे आली तेव्हा विजेचे दिवे नव्हते. पुढे कितीतरी वर्षे स्टुडिओत उत्तरेकडे मोठी काचेची खिडकी किंवा काचेचे छप्पर ठेवीत, कारण उत्तरेकडून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो. उजेड कमी पडे म्हणून बसणाऱ्याचे डोके हलू नये यासाठी मागून लोखंडी टेकू लावीत. आपले दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीचाच धंदा करीत होते आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी सूर्यप्रकाशावरच उतरविला. तेव्हा दिवे नाहीत म्हणून अडून बसण्याचे कारण नाही.

आपल्या घराचे पुढचे दार हीच आपली मोठी खिडकी. दारात थेट ऊन नसेल अशी वेळ धरावी. पूर्वेचे दार असेल तर दुपारनंतर, पश्चिमेचे असेल तर सकाळी. उंबऱ्याच्या आत दोन-तीन हातांवर पाट किंवा खुर्ची मांडून माणसाला बसवा. तोंड सरळ दाराकडे नको, थोडे तिरपे असू द्या, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसरा किंचित मंद दिसेल. फोटो काढणाऱ्याने दाराच्या कडेला उभे राहावे. मधोमध उभे राहिलात तर आपणच उजेड अडवतो. घरातले दिवे मात्र बंद करा. बाहेरचा उजेड निळसर आणि घरातला बल्ब पिवळा असेल तर एकाच चेहऱ्यावर दोन रंग येतात.

मंद बाजूला पांढरा कार्डशीट धरला की काम फत्ते. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो साधा पांढरा जाड कागद. नसेल तर धुतलेली पांढरी चादर दोघांनी ताणून धरावी. दाराचा उजेड त्यावर आपटून सावलीच्या बाजूला परत येतो. कागद जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. हा पाण्याचा पाट बदलण्याइतका सोपा प्रकार आहे. एकदा हाताने करून बघा, लगेच ध्यानात येईल.

भिंतींकडेही लक्ष हवे. आपल्याकडे हिरवा, निळा ऑइलपेंट पुष्कळ. भिंतीजवळ माणूस बसविला की तोच रंग गालावर चढतो आणि चांगला धडधाकट माणूस आजारी दिसतो. अशा भिंतीपासून दूर बसवावे, किंवा तिच्यावर चादर टाकावी.

रात्रीसाठी लागणारे साहित्य

दिवसभर शेतावर असणाऱ्या माणसाला वेळ मिळतो तो रात्री. त्यासाठी असे करावे :

१. १२ ते १५ वॅटचे दोन एलईडी बल्ब, एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे. खोक्यावर ६५०० के लिहिलेला पांढरा आणि ३००० के लिहिलेला पिवळसर असतो. कोणताही चालेल, दोन्ही एकत्र करू नयेत. खोक्यावर सीआरआय हा आकडा असल्यास ९० किंवा त्यावरचा घ्यावा. त्यात कातडीचा रंग खरा उतरतो.

२. दोन होल्डर, वायर आणि पिना.

३. एक पांढरे धुतलेले धोतर, नीळ कमी घातलेले.

४. पांढरा कार्डशीट एक.

५. मागे टांगण्यासाठी घोंगडी किंवा एकरंगी गडद चादर.

बल्ब आणताना एक परीक्षा करावी. तो लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघावे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब लुकलुकतो आहे, डोळ्याला कळत नाही एवढेच. असा बल्ब घरी लावा, फोटोसाठी दुसरा घ्या.

मांडणी

वलणीवर धोतर दुहेरी करून सोडावे. त्याच्या मागे दीड ते दोन फुटांवर दोन्ही बल्ब, एक वर आणि एक खाली, असे बांधावेत. बल्ब धोतराला फार जवळ आणले तर मधेच दोन ठिपके दिसतात, थोडे मागे घेतले की सगळे धोतर उजळते. आपल्याला ते सबंध धोतरच दिवा म्हणून वापरायचे आहे.

आता माणसाला धोतरापासून ३ फुटांवर बसवा. धोतर अगदी समोर नको, कॅमेऱ्याच्या एका बाजूला, तिरपे. वरचा बल्ब बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा फूट-दीड फूट उंच हवा. दिवा खाली असला तर नाटकातला राक्षस दिसतो. दुसऱ्या बाजूला कार्डशीट. घोंगडी माणसाच्या मागे चार-पाच फुटांवर टांगा. वर सांगितलेला अंतराचा नियम इथे कामाला येतो. चेहऱ्यावर भरपूर उजेड आणि घोंगडीवर जेमतेम, म्हणून मागचे सगळे आपोआप काळे होऊन चेहरा पुढे येतो.

बरोबर जमले की नाही हे डोळ्यांत बघावे. दोन्ही बुबुळांत वरच्या बाजूला पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर डोळे मेल्यासारखे दिसतात, मग दिवा थोडा खाली किंवा पुढे घ्या. मंद बाजूच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहान त्रिकोण पडला तर फार छान. सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या चित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून फोटोवाले त्याला त्याचेच नाव देतात.

मोबाईल कसा धरावा

प्रथम भिंग धोतराच्या सोग्याने पुसावे. निम्मे धुरकट फोटो तेवढ्यानेच सुधारतात. पाच-सहा फूट लांब उभे राहा आणि मोबाईलमध्ये दोनपटीचे भिंग असेल तर ते वापरा. फार जवळ गेलात तर नाक मोठे आणि कान बारके दिसतात. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर हवा. उजेड कमी असल्याने हात हलता कामा नये. डबे रचून त्यावर मोबाईल टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

पांढरी टोपी आणि पांढरा सदरा असला की कॅमेरा फसतो. त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो चेहरा काळा करून टाकतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे तो चेहऱ्याप्रमाणे उजेड धरतो. टोपी, फेटा किंचित मागे सरकवावा, कपाळावरची सावली जाते. चष्म्यात दिवा चमकत असेल तर दिवा आणखी उंच करा, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचला. चष्मा काढायला मात्र लावू नका. ज्यांना आपण कायम चष्म्यात पाहिले, ते बिनचष्म्याचे परके वाटतात.

सुरकुत्या पुसणारी मोबाईलमधली सोय बंद ठेवावी. त्या सुरकुत्या उन्हातान्हात कमावलेल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाला "हसा" असे सांगितले की तो आवळतो. त्यापेक्षा पहिल्या विहिरीची, पहिल्या बैलजोडीची गोष्ट काढा आणि बोलता बोलता दहा-वीस फोटो घ्या. त्यातला एक खरा निघतोच.

अर्जाचा फोटो

वारसनोंद, बँक, शाळा यांसाठी लागणारा साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो वेगळ्या रीतीने काढावा. तेथे त्रिकोण वगैरे नको. दोन्ही बाजूंना सारखा उजेड, मागे पांढरी भिंत आणि माणूस भिंतीपासून तीन-चार फूट पुढे, म्हणजे सावली पडत नाही. तोंड समोर, डोळे उघडे, कपडे रंगीत. पांढऱ्या सदऱ्याचे खांदे पांढऱ्या भिंतीत मिसळतात.

घ्यावयाची काळजी

बल्बवर कापड कधीही गुंडाळू नये. जुना हॅलोजन लावण्याचा मोह टाळावा, तो एवढा तापतो की जवळचे कापड पेट घेते. वायरीला उघडा जोड नको, आणि पोरे पळतात तिथून वायर नेऊ नये.

फोटो व्हॉट्सअॅपवर पाठविताना तो दबून लहान होतो. छपाईसाठी द्यावयाचा असल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोतून १२ बाय ८ इंचांची प्रत स्वच्छ निघते. आणि प्रत काढाच. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, पोरे पुसून टाकतात. प्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव आणि तारीख लिहा. आज सगळ्यांना माहीत असलेले नाव तीस वर्षांनी सांगायला कोणी उरत नाही.

शेवटी एक सूचना. प्रत्येक घराने वेगळे साहित्य घेण्याची गरज नाही. एका गल्लीत, एका बचत गटात एक संच पुरे. एकदा हंगाम सुरू झाला की तोड, टोळी, गाडी, खेप यांतून कोणाला उसंत मिळत नाही. तेव्हा मोळी पडण्याआधीच एक दुपार काढावी, घरातल्या थोरल्यांना दारात बसवावे, आणि आईला आधी बसवावे. स्वयंपाक तासभर थांबेल.