गाठीला रक्त कोण नाकारतं?

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या मार्केट यार्डात गेलात, तर सोयाबीनच्या राशींमधूनच वाट काढावी लागते. त्या पिवळ्या दाण्यात जेनिस्टीन नावाचा पदार्थ असतो. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांना त्याचा एक भलताच गुण सापडला. कशात सापडला असेल? लघवीत! नाक मुरडू नका. भरपूर वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्या माणसांच्या लघवीतून त्यांनी वेगवेगळे पदार्थ वेगळे काढले आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींवर टाकून पाहिले. जेनिस्टीन पडलं आणि पेशींची वाढ मंदावली.

पण रक्तवाहिन्या थांबवायच्या कशाला? त्यांच्यावर तर आपण जगतो.

बॉस्टनला ज्युडा फोकमन नावाचे लहान मुलांचे सर्जन होते. १९७१ मध्ये त्यांनी मांडलं की, कर्करोगाच्या गाठीलाही खायला-प्यायला रक्त लागतं. नव्या रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत, तर ती एक-दोन मिलिमीटरच्या, म्हणजे मोहरीएवढ्या आकारापुढे जाऊ शकत नाही. कितीतरी वर्षं अनेकांना हे पटलं नाही. फोकमन मात्र चिकाटीने शोधत राहिले. मला हा माणूस फार आवडतो.

मग गाठ रक्तवाहिनीला बोलावते कशी? तर प्रथिनं सोडून. त्यांतलं एक व्हीईजीएफ. ते जवळच्या रक्तवाहिनीच्या पेशीवरच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाचा आतला भाग किनेज असतो. किनेजचं काम म्हणजे एटीपी या रेणूकडून फॉस्फेट घेऊन ते प्रथिनांवर चिकटवणं. असं एकावरून दुसऱ्यावर होत निरोप पेशीच्या आत पोचतो: वाढ, पुढे सरक, नवी फांदी काढ!

जेनिस्टीन घोटाळा करतं तो इथेच. एसटीच्या खिडकीतून कुणी आधीच रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते काही किनेजांमधल्या एटीपीच्या जागेवर जाऊन बसतं. एटीपीला शिरताच येत नाही आणि निरोप अर्ध्यात अडतो.

आता नांदेडकडे वळू. अर्धापूर-वसमतच्या शिवारात हळद शिजायला लागली की गावभर वास सुटतो. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनची परीक्षा १९९८ मध्ये उंदरांच्या डोळ्यावर झाली. डोळ्यावरच कशाला? कारण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात एकही रक्तवाहिनी नसते. नवी उगवली तर लगेच लाल दिसते. कर्क्युमिन दिलं तेव्हा तिथे रक्तवाहिन्या कमी वाढल्या.

पण खरी गंमत आपल्याच शरीरात आहे. फोकमन यांच्या प्रयोगशाळेत १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन सापडलं. ते कोलॅजन-१८ या प्रथिनाचा तुटलेला तुकडा! अख्खं प्रथिन पेशींना आधार देतं आणि त्याचाच तुकडा रक्तवाहिन्यांना अडवतो. फायब्रोनेक्टिन या प्रथिनाचाही असाच एक तुकडा आहे, अनास्टेलिन. त्याची गोष्ट तर आणखी नवलाची. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी तो अशा उंदरांना दिला, ज्यांच्या रक्तात फायब्रोनेक्टिन नव्हतं. तो काहीच करू शकला नाही! म्हणजे या तुकड्याला एकट्याने काम जमतच नाही. रक्तातल्या अख्ख्या फायब्रोनेक्टिनला धरलं, तरच त्याच्या अंगात बळ येतं.

मग कर्करोग झालेल्या माणसाने वाटीभर सोयाबीन आणि हळदीचं दूध घेतलं की भागलं? नाही, मुळीच नाही. कर्क्युमिन पोटात जातं, पण रक्तात फारच थोडं पोचतं. काचेच्या बशीत पेशींवर जेवढं जेनिस्टीन टाकतात, तेवढं जेवणातून मिळत नाही. कुणी असा घरगुती इलाज सांगितला, तर तुम्ही त्यांना हे नक्की सांगा. उपचार डॉक्टरांकडेच.

डॉक्टरांकडे आता रक्तवाहिन्या रोखणारी औषधंही आहेत. त्यांतल्या बेव्हॅसिझुमॅबला २००४ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ते व्हीईजीएफलाच वाटेत पकडतं. पण गाठही हुशार असते. एक हाक बंद झाली, तर ती दुसरं प्रथिन सोडून बोलावते. म्हणून हे औषध बहुतेकदा इतर औषधांच्या जोडीनेच देतात, आणि गाठीच्या उरलेल्या हाका कोणत्या, याचा शोध अजून चालू आहे.