प्लॅन करताना आधी उन्हाला विचारा!

शेवटचा पेपर संपला की ग्रुपवर पहिला मेसेज काय येतो? 'कुठे जायचं?' मग दोन दिवस नुसता गोंधळ. कुणाला मनाली हवी, कुणाला गोवा, आणि खिशात प्रत्येकी जेमतेम दोन-अडीच हजार. शेवटी कुणीतरी म्हणतं, 'चला, वेरूळला जाऊ.' दोन दिवसांत होतं, खर्च कमी आणि फोटो भारी!

गेल्या मे महिन्यात आम्ही पाच जण असेच पुण्याहून निघालो. प्लॅन एका दिवसाचा होता. सकाळी दौलताबादचा किल्ला, मग खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळची सगळी लेणी आणि संध्याकाळी बीबी का मकबरा. सगळं एकाच रस्त्यावर, तीसेक किलोमीटरच्या आत. कागदावर मस्त बसत होतं. कागदावर नव्हतं ते फक्त ऊन.

छत्रपती संभाजीनगरला निवांत उठलो, पोहे खाल्ले आणि दहा वाजता किल्ल्याच्या दारात पोहोचलो. शेकडो पायऱ्या चढून-उतरून दीडच्या सुमारास खुलताबादच्या दर्ग्याबाहेर आलो. चपला काढल्या आणि तापलेल्या फरशीवर अक्षरशः नाचत आत गेलो. आम्ही हसत होतो. आमच्यातली एक जण मात्र हसत नव्हती. ती भिंतीला धरून खाली बसली, उलटी झाली आणि काहीतरी असंबद्ध बोलायला लागली.

आम्ही चौघं नुसते बघत राहिलो. धावून आली ती फुलं विकणारी एक मावशी. तिने मैत्रिणीला सावलीत घेतलं, ओढणी ओली करून मानेवर ठेवली आणि शुद्धीवर आहे ना, हे बघत विचारलं, "पोरी, सकाळधरनं पाणी किती पिलीस गं?"

उत्तर होतं, दोन घोट. वाटेत स्वच्छतागृह कसं असेल याची खात्री नाही, म्हणून तिने पाणीच टाळलं होतं. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं, संध्याकाळपर्यंत ती सावरली. मी तिला विचारलं, "अगं, त्रास होत होता तर सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुमचा प्लॅन बिघडला असता."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. म्हणून यंदा आम्ही पुन्हा गेलो. तेच पाच जण, तोच मे महिना. फक्त प्लॅन तिने केला. तो तुमच्याही उपयोगाचा आहे, म्हणून सांगतेय.

वेरूळचं तोंड पश्चिमेला

वेरूळची ३४ लेणी डोंगराच्या पश्चिमेकडच्या कड्यात कोरलेली आहेत. म्हणजे सूर्य सकाळी डोंगराच्या मागून उगवतो आणि लेण्यांसमोर डोंगराचीच सावली असते. दुपारनंतर ऊन थेट दारातून आत येतं. फोटोला उजेड तेव्हा छान मिळतो हे खरं, पण मे महिन्यात तो उजेड परवडत नाही.

लेणी सूर्योदयाला उघडतात. रात्रीची एसटी पकडून पहाटे संभाजीनगरला उतरायचं, तिथून कन्नडकडे जाणारी पहिली गाडी घेऊन वेरूळ गाठायचं. मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, हे बजेट मांडताना विसरू नका. लेण्यांचं तिकीट माणशी ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी. आणि हो, वेरूळ मंगळवारी बंद असतं! अजिंठा सोमवारी. तारीख ठरवण्याआधी कॅलेंडर बघा.

आत शिरल्यावर १ नंबरपासून ओळीने जायचा मोह होतो. तसं करू नका. आधी १६ नंबर, कैलास. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे मंदिर बांधलेलं नाही, तर डोंगर वरून खाली कोरत काढलेलं आहे. आधी कळस, शेवटी पाया. त्यामुळे चुकलेला दगड पुन्हा बसवायची सोयच नव्हती. मागची कातळभिंत तीसेक मीटर उंच आहे आणि सकाळी तिचीच सावली अंगणात पडते. सात वाजता आम्ही तिथे होतो. गर्दी नाही, घाम नाही. गेल्या वर्षी ज्याच्यासाठी निघालो होतो, ते मंदिर यंदा पहिल्यांदा पाहिलं.

मग १० नंबरचं विश्वकर्मा लेणं. त्याचं छत लाकडी तुळयांचं वाटतं, पण तेही दगडच. खालचा बुद्ध बघत आम्ही अर्धा तास नुसते बसून राहिलो. पुढे तीन मजली १२ नंबर. साडेदहाला बाहेर. ३४ पैकी किती पाहिली? सहा. पण त्या सहांबद्दल मी आता तासभर बोलू शकते.

अकरा ते चार : काहीही नाही

प्लॅनमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. अकरा ते चार काहीही बघायचं नाही. लेण्याच्या आत गार असतं, पण दोन लेण्यांमधली वाट तापलेल्या काळ्या कातळाची असते. मुक्काम शहरात न करता वेरूळलाच केला, म्हणून दुपारी खोलीवर परतता आलं. जेवण, कैरीचं पन्हं, पंखा आणि झोप. 'एवढ्या लांब येऊन झोपायचं?' असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

आकाशाखालची कबर

साडेचारनंतर खुलताबाद, वेरूळपासून चारेक किलोमीटर. इथे औरंगजेबाची कबर आहे. १७०७मध्ये तो अहमदनगरजवळ वारला आणि त्याला इथे शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. वर घुमट नाही, छत नाही. उघडी माती आणि त्यात लावलेलं रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या काळातली. या जागेवरून वाद होत असतात, बंदोबस्तही असतो. ओळखपत्र जवळ ठेवा आणि रील बनवायचा मोह टाळा.

याच गावात मलिक अंबरचीही कबर आहे. गुलाम म्हणून इथिओपियातून आलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला हा माणूस १६२६मध्ये वारला. आणि इथेच भद्रा मारुती आहे, चक्क झोपलेला मारुती. दर्गा असो की देऊळ, चपला बाहेरच काढाव्या लागतात. म्हणून बॅगेत जाड सुती मोजे ठेवा आणि चालतात का ते आधी विचारा.

दुसरा दिवस

सकाळी लवकर घृष्णेश्वर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं. गाभाऱ्यात जाताना मुलांना शर्ट-बनियन काढावं लागतं, आधीच माहीत असलेलं बरं. मग ३० ते ३४ ही जैन लेणी. ती कैलासपासून बरीच लांब आहेत, वाहनाने जा. ३२ नंबरची इंद्रसभा चुकवू नका. पुन्हा अकराच्या आत खोलीवर.

संध्याकाळी शहरात परतून बीबी का मकबरा. तिकीट २५ रुपये. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, बाकी दगडावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. हात लावून फरक कळतो असं म्हणतात, पण हात लावू नका, डोळ्यांनी बघा. आदल्या दिवशीची उघडी माती आठवली की बादशहा आणि बेगम यांच्या कबरींतला फरक आपोआप समोर येतो.

दौलताबादचा किल्ला? यंदा वगळला. तो डिसेंबरसाठी राखून ठेवलाय.

'पाणी किती पिलीस?'

मैत्रिणीचे तीन नियम सांगते. एक, बसस्टँड, खानावळ, तिकीट खिडकी, कुठेही पोहोचलो की स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी शोधायचं. पाण्याचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. दोन, तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी पीत राहायचं. लघवी गडद पिवळी दिसली की कमी पडतंय असं समजा. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवून ऊन टळत नाही, तो जेवणात खा!

तीन, 'मला थांबायचंय' असं कुणीही म्हटलं की सगळे थांबणार. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही पहिली सूचना. सावली, आराम, पाणी. पण अंग भट्टीसारखं तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ला फोन करा. तोवर अंगावर पाणी मारा, वारा घाला, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गेल्या वर्षी आम्हा चौघांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मावशी नसती तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही नको वाटतो.

यंदा तिला भेटायला पुन्हा गेलो. तिला आम्ही आठवत नव्हतो, मैत्रीण मात्र आठवली. "आता पाणी पितीस ना?" एवढंच विचारलं तिने. मैत्रिणीने बाटली वर करून दाखवली. बाटली अर्धी रिकामी होती.

तेव्हा ग्रुपवर तारीख टाकाल, तेव्हा खाली एक ओळ जास्तीची लिहा : 'कुणालाही थांबायचं असेल तर बिनधास्त सांगा, प्लॅन बिघडत नाही.'