लॅटिन जॅझमधील बासवादनाचे स्वरलेखन : सम निश्चित करण्याचा प्रश्न

ध्वनिमुद्रण ऐकून एखाद्या वाद्याचे वादन स्वरलिपीत उतरवणे म्हणजे स्वरलेखन. लॅटिन जॅझमधील बास या खर्जातील तंतुवाद्याच्या बाबतीत हे काम विशेष कठीण ठरते. अडचण स्वर ओळखण्याची आहे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः ती सम ओळखण्याची आहे.

या वादनाचा पाया म्हणजे ‘तुंबाओ’ हा क्यूबन आकृतिबंध. चार मात्रांच्या आवर्तनाचे आठ अर्धमात्रांत विभाजन केल्यास त्यातील आघात चौथ्या व सातव्या स्थानी पडतात. पहिल्या मात्रेवर बहुधा नवा आघात नसतोच. सातव्या स्थानी छेडलेला स्वर तेथवर लांबतो. शिवाय हा स्वर चालू आवर्तनाच्या नव्हे, तर पुढील आवर्तनाच्या कॉर्डचा असतो. समेवर ठाम आघाताची अपेक्षा बाळगणाऱ्या हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याची येथे सहज फसगत होते. चौथ्या मात्रेसच तो सम मानतो व सारे लेखन एका मात्रेने सरकते. असे सदोष लेखन कागदावर मूळ वादनापेक्षा अधिक नीटनेटके दिसते, हा त्यातील खरा धोका होय.

म्हणून बासचा एकही स्वर लिहिण्यापूर्वी ‘क्लावे’ निश्चित करणे इष्ट. सोन प्रकारच्या क्लावेत दोन आवर्तनांत मिळून पाच आघात असतात : एका आवर्तनात पहिल्या, चौथ्या व सातव्या अर्धमात्रेवर, दुसऱ्यात तिसऱ्या व पाचव्या अर्धमात्रेवर. तुंबाओचे दोन्ही आघात तीन आघातांच्या बाजूशी जुळतात. आधुनिक ध्वनिमुद्रणांत मात्र क्लावे अनेकदा प्रत्यक्ष वाजतच नाही; घंटेच्या आघातांवरून व पियानोच्या आवर्ती आकृतिबंधावरून तिचे अनुमान करावे लागते.

इस्राएल ‘काचाओ’ लोपेस (१९१८–२००८) यांच्या १९५७ मधील हवाना येथील ‘देस्कार्गा’ ध्वनिमुद्रणांपासून अभ्यासास आरंभ करणे सोयीचे, कारण तेथे आकृतिबंध दीर्घकाळ टिकतो. फोर्ट अपाची बँडमधील अँडी गोन्झालेस (१९५१–२०२०) यांचे वादन याहून कितीतरी अवघड आहे. एकाच रचनेत ते तुंबाओकडून जॅझच्या प्रत्येक मात्रेवर चालणाऱ्या बासकडे वळतात आणि परततात. अशा सांध्यावर मात्रा मोजण्यात खंड पडला, की पुढील सर्व पाने निरुपयोगी ठरतात.

स्वरांची उंची कायम ठेवून गती मंद करणारी संगणकप्रणाली येथे साह्यभूत होते. तथापि बासच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि लहान ध्वनिक्षेपकांतून तो जवळजवळ उमटतच नाही. कानावर पडतात ते त्याचे उपस्वर. परिणामी सप्तक चुकते. त्यातच कोंगाचा खालचा नाद बासच्या आघातात मिसळतो. ध्वनिमुद्रण एक सप्तक वर चढवून ऐकल्यास हा गोंधळ पुष्कळसा निवळतो.

आघात अर्धमात्रेच्या किंचित पुढे वा मागे पडत असेल, तर तो सूक्ष्म अपूर्णांकांत मांडण्याचा मोह आवरावा. लेखन साधे ठेवून त्या स्थानी ‘किंचित मागे’ अशी टीप दिल्यास वादकास ती अधिक उपयोगी पडते.