फितीवरचा आवाज संगणकात आणताना

१९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे आपल्यातून गेले. त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो, कारण आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात तो नोंदला गेला होता. असे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही. चौदा एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या रात्री आपल्या वस्त्यांत रंगलेली गायनपार्ट्यांची गाणी बहुतांशी घरच्या टेपरेकॉर्डरवरच टिपली गेली. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) कवींची रचना ग्रंथात सापडेल. परंतु ती गाताना कोणी कोठे श्वास घेतला, कोणत्या ओळीला श्रोते उठून उभे राहिले, हे मात्र फितीतच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ते अस्सल साधन होय.

माझ्याजवळची अशी एक कॅसेट मी काही वर्षांपूर्वी एका दुकानात 'कॉम्प्युटरवर करून' घेतली. हाती आली ती एमपीथ्री फाइल. आवाज स्वच्छ होता, पण झांजेची किणकिण पाण्याखालून यावी तशी येत होती आणि श्रोत्यांचा जयघोष जवळजवळ नाहीसा झाला होता. मूळ फीत दुकानात गहाळ झाली. ती चूक माझीही होती, कारण काय मागावे हेच मला ठाऊक नव्हते.

संगणक आवाजाची लहर सलग साठवीत नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजून आकडे लिहितो. सीडीच्या दर्जात ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवरचे असते. मानवी कानाला ऐकू येणाऱ्या कंपनांची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० आहे आणि तिच्या दुपटीहून अधिक वेळा मोजल्यास ती लहर पुन्हा उभी करता येते. हे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल म्हणजे वेव्ह. तासाभराची स्टिरिओ कॅसेट तीत सुमारे ६३५ एमबी जागा घेते. फ्लॅक (२००१) हेच आकडे घडी घालून ठेवते. जागा साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश लागते आणि घडी उलगडली की एकही आकडा कमी भरत नाही. एमपीथ्रीचा न्याय वेगळा आहे. मोठ्या आवाजाच्या आड जे कानाला जाणवणार नाही असे वाटते, ते ती टाकून देते. १२८ केबीपीएस दराने तोच तास ५८ एमबीत मावतो, पण टाळी, झांज असे एकाएकी उठणारे आवाज अशा कमी दरात विसविशीत होतात. ३२० ला ही उणीव बहुतेकांना जाणवणार नाही, म्हणून मोबाइलवर ऐकण्यास ती पुरेशी आहे. मात्र एमपीथ्रीची पुढे फ्लॅक केली, तरी गेलेले परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढावी, तसेच ते.

घरी हे काम करणे अवघड नाही. प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकूनही तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होणार नाही. मुंबईच्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. तशी फीत वाजवू नये, जाणकाराकडे न्यावी. टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ पुसावे व त्याची जोडणी संगणकाच्या लाइन-इनला करावी. माइकच्या भोकात ती केल्यास आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडून, सर्वांत मोठा आवाजही शून्य डेसिबलच्या पाच-सहा डेसिबल खालीच राहील अशी पातळी ठेवावी. जमल्यास २४ बिट निवडावे; पातळी ठरविताना थोडी चूक झाली तरी निभावते.

खरखर घालविण्याची सोय याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. केवळ खरखरीचा तुकडा दाखवावा लागतो. मग संगणक सबंध ध्वनिमुद्रणातून तशा स्वरूपाचा आवाज वजा करतो. सौम्य हाताने केले तर गाण्याचे शब्द उमगतात. हात जड पडला की टाळ्या, पोराचे रडणे, मंडपामागून जाणारी लोकल हेही पुसले जाते, आणि ती सभा उपनगरातल्या रुळालगतच्या वस्तीत भरली होती हा पुरावाच उरत नाही. म्हणून मूळ फाइलला हात न लावता तिच्या नकलेवरच संस्कार करावेत.

फाइलच्या नावात गायक, स्थळ व तारीख लिहावी. ठाऊक नसल्यास 'अज्ञात' असे लिहावे, अंदाज लिहू नये. एक प्रत घरी, दुसरी अन्य कोणाच्या घरच्या हार्ड डिस्कवर ठेवावी. यंदा नववीच्या मुलांनी सुटीत आपापल्या घरांतून अकरा कॅसेटी आणल्या. त्यांतील सात वाजल्या.