चादरीवरचं आरमार

मैत्रिणींनो, दिवाळी तोंडावर आली की औरंगपुरा-गुलमंडीच्या एका फेरीत पणत्या, रांगोळी आणि मुलांसाठी मावळे, अशी खरेदी आपण उरकतो. मुलं किल्ला करतात, हळीव पेरतात. पण सिंधुदुर्ग केला तरी भोवती निळी रांगोळी टाकली की समुद्र संपला! १६६४ साली महाराजांनी तो बांधायला घेतला आरमारासाठी, अन् आरमारच आपल्या किल्ल्यात नसतं.

इवल्या जहाजांच्या लढाया खेळण्याचा छंद परदेशात जुना आहे. फ्रेड जेन या इंग्रज गृहस्थांनी १८९८ साली असा खेळ प्रसिद्ध केला. तुम्ही म्हणाल, हे पुरुषांचे रिकामे उद्योग! तर ऐका. १९४२ साली जर्मन पाणबुड्या इंग्रजांची जहाजं बुडवीत होत्या. तेव्हा लिव्हरपूलला कॅप्टन रॉबर्ट्स यांनी फरशीवर चौकटी आखून, खडूच्या रेघा ओढून हा खेळ मांडला. सोबतीला होत्या नौदलातल्या विशीच्या आसपासच्या मुली. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल ही त्यांतली दोन नावं. पाणबुडीला गाठण्याचा ‘रास्पबेरी’ हा डाव तिथंच निघाला, अन् हजारो अधिकारी तिथं शिकून समुद्रावर गेले.

आज तिकडे धातूच्या जहाजांच्या जोडीला घरच्या यंत्रावर प्लॅस्टिकची जहाजंही छापतात. आपल्याकडे मात्र तयार किल्ले विकत मिळू लागले. फ्लॅटमध्ये ना अंगण ना माती. मुलांच्या हाती मोबाइल. किल्ल्याचं हे असं झालं, तरी आरमाराला मातीच लागत नाही. एक निळी चादर पुरे!

रिकाम्या काडेपेट्या म्हणजे गुराबा. त्यांना जाड कागदाचं शीड लावा. शेंगांची टरफलं म्हणजे गलबतं. वाऱ्याची दिशा ठरवा. वारा पाठीशी असेल तर गुराब एक वीत जाईल, समोरून असेल तर चार बोटं. गलबत वल्ह्यांवर चालतं, म्हणून कुठंही अर्धी वीत. फाशावर एक पडला की वारा पडला, गुराब जागच्या जागी! मग दोन गलबतांनी तिला ओढायचं आणि शत्रूच्या मागल्या बाजूनं गाठायचं, कारण तिथं तोफा कमी असतात. आंग्र्यांचं आरमार असंच लढे. इतिहासाच्या पुस्तकातल्या चार ओळी पोरांना अशा चटकन कळतात.

आणि मुलीला फक्त पसारा आवरायला बोलावू नका, डाव टाकायला बसवा. २०२२ पासून खडकवासल्याच्या प्रबोधिनीत मुलीही शिकताहेत. आपली लेक तिथं जाईल न जाईल. पण वारा पडल्यावर काय करायचं, हे तिला ठाऊक असलेलं बरं, नाही का?