कुत्र्याची जात आणि आपले घर

— तृतीय वर्ष कला (इतिहास)

कुत्र्याविषयी आपल्या समाजाचे एकमत कधीच नव्हते. एकीकडे ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे’ म्हणून त्याला नावे ठेवायची आणि दुसरीकडे दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री बसवून त्यांना चार वेदांचा मान द्यायचा. धर्मराजाने बरोबर आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूमहाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. या सगळ्या कथांत ‘कुत्रा कोणत्या जातीचा होता?’ असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. आज मात्र घरात कुत्रा आणायचा म्हटले की पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा एखादा चित्रपट, जाहिरात किंवा शेजाऱ्याचा बंगला पाहून दिले जाते.

माझा विषय इतिहास. पण गेली दोन वर्षे दर रविवारी सोलापुरातील एका पशुवैद्यांच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला बसतो. तिथे दोन प्रकारची कुत्री येतात. काही आजारी असतात, त्यांना औषध मिळते. काही ठणठणीत असतात, पण त्यांचे मालक हळूच विचारतात, “डॉक्टरसाहेब, हा फार दांडगाई करतो हो. कुठं सोय लागते का बघा ना.” या दुसऱ्या आजारावर औषध नाही. कुत्र्यात काहीच बिघडलेले नसते. ते आपल्या पूर्वजांनी शिकवल्याप्रमाणे वागत असते, आणि ते वागणे त्या घराला झेपत नसते. अशा कुत्र्यांपैकी सर्वांनाच दुसरे घर मिळत नाही. म्हणून निवड आधी करावी आणि लाड नंतर, हे सांगण्यासाठी हा लेख.

जात म्हणजे काय?

माणसांची जात पाहू नये हे आपण शाळेपासून शिकतो. कुत्र्यांच्या बाबतीत जातीला मान-अपमानाचा काही अर्थ नाही. तिचा अर्थ आहे कामाचा. लांडग्याच्या कुळातला हा प्राणी निदान १५,००० वर्षांपासून माणसाबरोबर आहे. मेंढपाळाने मेंढरे वळणारी पिल्ले ठेवली, शिकाऱ्याने पळणारी ठेवली, राजवाड्यातल्यांनी मांडीवर बसणारी ठेवली. पिढ्यान् पिढ्या अशी निवड होत गेली आणि तऱ्हा वेगळ्या झाल्या. आज ज्यांना आपण ठाशीव ‘जाती’ म्हणतो त्यांतल्या बऱ्याच मात्र एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. १८५९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये तिथे केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीच्या वह्या सुरू झाल्या. तेव्हापासून कामाइतकेच, किंबहुना अधिकच, रूपाला महत्त्व आले.

तेव्हा एखादी जात निवडताना ‘हिचे पूर्वज काय काम करीत होते आणि कोणत्या हवेत करीत होते?’ हा प्रश्न विचारावा. निम्मे उत्तर त्यातच मिळते. निम्मेच म्हणतो, कारण २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती घेतलेल्या अभ्यासात असे दिसले की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे नऊ टक्केच फरक जातीवरून सांगता येतो. बाकीचा ज्या त्या कुत्र्याचा स्वभाव आणि त्याचे संगोपन. जातीवरून शरीराचा अंदाज बराच पक्का बांधता येतो. स्वभावाचा अंदाज मात्र अंदाजच समजावा.

आधी आपले घर पाहा

कुत्रा पाहायला जाण्यापूर्वी घराकडे पाहावे. पहिली गोष्ट वेळ. लहान खोलीतही कुत्रा सुखात राहतो, पण त्याला दिवसातून दोनदा बाहेर नेणारे माणूस हवे. अंगण मोठे आहे म्हणून कुत्रा आपण होऊन व्यायाम करीत नाही. तो फाटकापाशी बसून राहतो. दुसरी गोष्ट हवा. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग गार करण्याचा मुख्य उपाय. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. तिथे जाड लोकरीचा किंवा चपट्या नाकाचा कुत्रा आणणे म्हणजे त्याला उन्हाळाभर शिक्षा देणे होय.

तिसरी गोष्ट घरातली माणसे. आजी काठी टेकत चालत असेल तर उत्साहाने अंगावर झेप घेणारे तीस किलोचे जनावर तिला पाडू शकते, मग ते कितीही प्रेमळ असो. अगदी लहान मूल असेल तर फार नाजूक जातीही टाळाव्यात. मुलाच्या हातून त्यांचीच हाडे मोडायची. चौथी गोष्ट खर्च. पिल्लाची किंमत एकदाच द्यावी लागते. खाणे, लशी आणि औषधे दहा-बारा वर्षे चालतात. आणि घर भाड्याचे असेल तर घरमालकाचा होकार पिल्लू आणण्याआधी घ्यावा, नंतर नव्हे.

काही ओळखीच्या जाती

लॅब्रॅडॉर सर्वांच्या आवडीचा. नाव लॅब्रॅडॉर असले तरी त्याचे मूळ कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांच्या कुत्र्यांत आहे. थंड पाण्यात पोहणे, वस्तू तोंडात धरून आणणे हे त्याच्या पूर्वजांचे काम. पुढे इंग्लंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी दात न लावता आणून देण्यासाठी त्याला तयार केले. म्हणून तो माणसाळलेला, शिकवायला सोपा, मुलांत रमणारा. त्याच कारणाने तो चपला, टॉवेल, वर्तमानपत्र सगळे तोंडात धरून फिरतो. त्याची भूक ही निव्वळ हावरटपणा नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बिघाड आढळला. ‘बिचारा किती आशेने बघतोय’ म्हणून प्रत्येक जण एकेक पोळी देत गेला तर चार वर्षांत त्याला जिना चढवत नाही. असे लॅब्रॅडॉर मी वजनकाट्यावर चढवले आहेत.

अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, हा मुळात मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ मध्ये माक्स फोन स्टेफानिट्झ या जर्मन अधिकाऱ्याने या जातीची बांधणी सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये ‘जर्मन’ शब्द नकोसा झाला आणि कुत्र्याचेही नाव बदलले! बुद्धीने तीक्ष्ण, एका घराशी निष्ठावान. पण त्याला काम हवे. रिकामा अल्सेशियन आपले काम स्वतः शोधतो, आणि ते बहुधा येणाऱ्या-जाणाऱ्यावर पहारा ठेवण्याचे असते. या जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो, म्हणून आई-बापांची प्रकृती विचारून मगच पिल्लू घ्यावे. डॉबरमन हाही असाच पहारेकरी. तो जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या डॉबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या रक्षणासाठी तयार केला. शिस्त लावायला सवड असेल त्यानेच त्याच्या वाटेला जावे.

आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी याच जातीचा. आटोपशीर, चलाख, आपल्या हवेला सरावलेला. दोन खोल्यांच्या घराला तो शोभतो. मात्र भुंकण्याची हौस मोठी आणि केस रोज विंचरावे लागतात. डॅशहुंड हा जमिनीतल्या बिळात शिरून बॅजर नावाच्या प्राण्याला भिडणारा जर्मन शिकारी. म्हणूनच त्याचे पाय आखूड आणि पाठ लांब. ती पाठ हीच त्याची दुखरी जागा. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेल्या घरात राहणाऱ्यांनी त्याला आणू नये, आणलाच तर जिन्यात उचलून न्यावे.

पग चीनच्या राजवाड्यात वाढलेला. २००३ मधील एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर तो आपल्याकडे घरोघर दिसू लागला. स्वभावाने गोड, पण बसक्या नाकामुळे त्याची श्वासनलिका अडचणीत असते. त्याचे घोरणे ऐकून लोक हसतात. उन्हाळ्यात तेच घोरणे धाप बनते. सैबेरियातला बर्फगाडी ओढणारा हस्की आणि आल्प्स पर्वतातल्या मठाचा सेंट बर्नार्ड यांच्याबद्दल एवढेच म्हणतो की, त्यांना पाहायची हौस चित्रांत भागवावी.

आपल्या मातीतली कुत्री

दख्खनच्या माळावरचा कारवान हा आमच्या भागाचा अभिमान. अंगाने सडपातळ, निमुळते तोंड, खोल छाती, वाऱ्यासारखा वेग. तो वासापेक्षा नजरेने शिकार हेरतो. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने त्याची जोपासना केली, म्हणून त्याला मुधोळ हाउंडही म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली. त्यांत मुधोळबरोबर राजपालयम, रामपूर आणि हिमालयी मेंढपाळ कुत्राही होता. कारवान आपले ऊन सोसतो, थोडक्यात भागवतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशाची शिकार बंद झाली आणि त्याचा पिढीजात धंदा गेला; पाय मात्र तेच राहिले. शेत किंवा मोकळे मैदान जवळ असेल तरच त्याला आणावे. शेजाऱ्याच्या कोंबड्या आणि मांजरे याबाबत त्याच्यावर विसंबू नये.

आणि शेवटी आपला गावठी. त्याला वंशावळ नाही, त्याची किंमत कोणी मागत नाही, म्हणून त्याला कोणी ‘जात’ही म्हणत नाही. त्याची निवड कोणा हौशी माणसाने केली नाही; ऊन, पाऊस आणि उपासमार यांनी केली. त्यामुळे मध्यम बांधा, आखूड केस, काटक प्रकृती आणि वंशपरंपरेने येणाऱ्या दोषांचे प्रमाण कमी. घर राखण्यात तो कोणाला हार जात नाही. तो परक्यांबद्दल सावध असतो, म्हणून लहानपणीच त्याला माणसांची, मुलांची, रहदारीच्या आवाजांची ओळख करून द्यावी. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे जे पाहते ते त्याला आपले वाटते. ही गोष्ट सर्वच जातींना लागू आहे. गावठी म्हणून लस चुकवू नये. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी, हा नियम लॅब्रॅडॉरला आहे तसाच त्यालाही आहे.

पिल्लू घेताना

विकत घ्यायचे तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन पिल्लाची आई पाहावी. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आणखी एक वाट आहे, तिच्याकडे लोक पाहत नाहीत: दोन-तीन वर्षांचा, वाढलेला कुत्रा घेणे. त्याचा आकार, स्वभाव, भुंकणे सारे डोळ्यांसमोर असते. अंदाज बांधावा लागत नाही. वयस्कर माणसांच्या घराला हाच मार्ग बरा.

वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एक शब्द. आज पिल्लू आणले तर त्याच्या आयुष्यात तुमची पदवी, नोकरी, बदली आणि लग्न एवढे सगळे व्हायचे आहे. त्याला मात्र तेवढ्या काळात एकच घर माहीत असणार. म्हणून जात ठरवण्याआधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. सकाळी सहा वाजता कोण उठणार? गावाला जाताना त्याला कुठे ठेवणार? तो म्हातारा झाला, घरात घाण करू लागला, तर कोण पुसणार? तिन्ही प्रश्नांना कोणाचे तरी नाव मिळाले तर खुशाल कुत्रा आणावा. नाव मिळाले नाही तर रोज रात्री दाराबाहेरच्या गावठ्याला एक भाकरी घालावी आणि त्याला लस टोचून आणावी. तोही कुत्रा पाळण्याचाच एक प्रकार आहे.